दूरदेशीच्या मुलाची फी कोण भरते? ज्यू महिलांच्या एका संस्थेची रचना, सोप्या भाषेत

परदेशातून येणाऱ्या देणग्यांचा विषय बातम्यांत आला की आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एवढा पैसा कुणी उगाच देत नाही, त्यामागे काहीतरी हेतू असणारच, असे काहीजण म्हणतात. तर दान ते दान, ते कुठून आले याची चौकशी कशाला, असे इतरांना वाटते. असा पैसा मुळात जमतो कसा, तो कोणाच्या हातून जातो आणि शेवटी मुलापर्यंत काय पोहोचते, हे मात्र दोन्ही बाजूंना सहसा ठाऊक नसते. हे समजून घेण्यासाठी ज्यू महिलांच्या संस्थांसारखे दुसरे उदाहरण मला दिसत नाही. अमेरिकेतल्या लहान-मोठ्या गावांतल्या शिक्षिका, परिचारिका, दुकानदारीण, गृहिणी थोडे थोडे पैसे बाजूला काढतात आणि त्यातून हजारो मैलांवरचा, त्यांनी कधीही न पाहिलेला पंधरा वर्षांचा मुलगा शिकतो, ही व्यवस्था शंभराहून अधिक वर्षे चालू आहे.

अशा संस्था अनेक आहेत. लंडनमध्ये १९२० साली स्थापन झालेली 'विझो' ही त्यांतली एक. नहलाल या गावातली मुलींची शेतीशाळा तिच्या आधाराने उभी राहिली. या लेखात मात्र मुख्यतः 'हदासा' या अमेरिकी संस्थेबद्दल सांगणार आहे, कारण तिच्या इतिहासात या कामाचे बळ आणि त्यातल्या अडचणी दोन्ही स्पष्ट दिसतात.

आधी तीन शब्द

पहिला शब्द 'त्सदाका'. या हिब्रू शब्दाचे भाषांतर आपण 'दान' असे करतो, पण त्याच्या मुळाशी 'न्याय' हा अर्थ आहे. गरजूला देणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे, तर आपल्याकडून येणे असलेले चुकते करणे, असा भाव त्यात आहे. बाराव्या शतकातले ज्यू विचारवंत मैमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतली सर्वांत वरची पायरी म्हणजे समोरच्या माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन अशा स्थितीत आणणे की त्याला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागू नये. मुलाला शिकवणे हे याच पायरीवरचे दान आहे. अनेक ज्यू घरांत यासाठी एक डबा असे आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी घरातली बाई त्यात नाणे टाकत असे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी सातारा भागातल्या घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढले जाई. हा मुष्टिफंड ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या डब्याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरा शब्द 'अलिया'. त्याचा शब्दशः अर्थ 'वर चढणे' असा आहे. ज्यू लोकांनी जगभरातून तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये, म्हणजे नंतरच्या इस्राएलमध्ये, राहायला जाण्याला हा शब्द वापरतात. तिथे ज्यूंचे स्वतःचे राष्ट्रीय घर असावे, या विचाराला झायनवाद म्हणतात.

तिसरा शब्द 'युवाग्राम'. शाळा, वसतिगृह आणि शेतीवाडी एकाच आवारात असलेली, किशोरवयीन मुलांची वस्ती म्हणजे युवाग्राम. आपल्याकडच्या आश्रमशाळेशी त्याचे थोडे साम्य आहे. फरक कुठे आहे, ते पुढे येईल.

जाफातल्या दोन शाळा

हेन्रिएटा सोल्ड यांचा जन्म १८६० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात झाला. वडील धर्मगुरू, आणि घरात आठ मुली. हेन्रिएटा सर्वांत थोरल्या. रशियातून आलेल्या निर्वासितांना इंग्रजी शिकवण्यासाठी त्यांनी १८८९ मध्ये रात्रशाळा काढली. दिवसभर कारखान्यात राबलेले लोक तिथे बाकांवर दाटीवाटीने बसत. परक्या देशात उभे राहायचे तर आधी भाषा आणि हातात काहीतरी कौशल्य हवे, हा धडा बाईंना तिथेच मिळाला असावा असे मला वाटते.

१९०९ मध्ये आईला बरोबर घेऊन त्या पॅलेस्टाइनच्या प्रवासाला गेल्या. जाफा बंदरात त्यांनी मुले पाहिली ती डोळ्यांभोवती माश्यांची वर्तुळे घेऊन फिरणारी. खुपऱ्या या डोळ्यांच्या रोगाने तिथे धुमाकूळ घातला होता आणि त्यातून अनेकांची दृष्टी जात असे. त्याच रस्त्यावर पलीकडे मुलींची एक शाळा होती आणि तिथल्या मुलींचे डोळे स्वच्छ होते. चौकशी केल्यावर कळले की त्या शाळेत डॉक्टर ठरावीक दिवसांनी येतात आणि परिचारिका रोज येऊन मुलींच्या डोळ्यांत औषध घालते. एवढाच फरक होता. दोन्हीकडे मुले तीच, ऊन तेच, माश्याही त्याच. न्यूयॉर्कमधल्या तुमच्या महिला अभ्यासमंडळाने हेच काम हाती घ्यावे, असे आईने तिथल्या तिथे लेकीला सुचवले.

पुढच्या सगळ्या कामाची कल्पना या दोन शाळांच्या दृश्यात सामावलेली आहे. शिक्षण म्हणजे फळा, पुस्तक आणि फी एवढेच नाही. मुलाला फळ्यावरची अक्षरे दिसली पाहिजेत, त्याचे पोट भरलेले असले पाहिजे, रात्री झोपायला निर्धोक जागा असली पाहिजे, तेव्हा कुठे शिकवलेले डोक्यात शिरते. १९१२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमधल्या एका सभेत काही महिलांनी हे मंडळ औपचारिकपणे स्थापन केले. पुरिम हा राणी एस्तेरचा सण जवळ आला होता, म्हणून तिच्या हिब्रू नावावरून 'हदासा' हे नाव ठेवले. मर्टल या सुगंधी पानांच्या झुडपालाही हिब्रूत हेच नाव आहे. पुढच्याच वर्षी दोन परिचारिका जेरुसलेमला रवाना झाल्या. १९१८ मध्ये तिथे परिचारिकांची शाळा सुरू झाली आणि १९२१ मध्ये तिची पहिली तुकडी बाहेर पडली.

१९२३ पासून तिथल्या शाळांत दुपारचे जेवण सुरू झाले, त्याचीही हकिकत सांगण्यासारखी आहे. त्यासाठी अमेरिकेतल्या ज्यू शाळकरी मुलांकडून एकेक पेनी गोळा केली जाई. आपल्याकडच्या शालेय पोषण आहारासारखीच ही कल्पना, फक्त इथे स्वयंपाक हाही अभ्यासाचाच भाग होता. भाजी कशी निवडावी, कमी पैशांत पोषक जेवण कसे करावे, हे मुली शिकत आणि तेच जेवण शाळेत वाढले जाई. म्हणजे एकाच पैशात जेवण झाले आणि धडाही झाला.

पैशाचा प्रवास

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अशा संस्थेचा पैसा कसा चालतो?

भिशी डोळ्यांसमोर आणा. भिशी टिकते ती ओळखीवर. दर महिन्याला त्याच बायका भेटतात, कुणी पैसे आणले नाहीत तर ते लगेच कळते आणि कुणाला अडचण असली तर तीही कळते. हदासाची गावोगावची शाखा साधारण अशीच चालते. फरक इतकाच की इथे जमलेली रक्कम सभासदांपैकी कुणाच्या हाती पडत नाही, ती ठरलेल्या कामाकडे जाते. सभासदत्वाची वर्गणी असते, देणगीदारांसाठी जेवणाचे कार्यक्रम होतात, जुन्या कपड्यांची आणि वस्तूंची दुकाने चालवली जातात, आणि काही सभासद मृत्युपत्रात संस्थेच्या नावे रक्कम ठेवतात. त्याबरोबर वाचनमंडळे, भाषावर्ग आणि व्याख्यानेही असतात. बायका केवळ पैसे द्यायला नाही, तर एकमेकींना भेटायला, शिकायला, सभा चालवायला आणि हिशेब ठेवायला येतात. म्हणूनच वर्गणी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. एकदाच आलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दर वर्षी न चुकता येणारी छोटी रक्कम शाळेला जास्त उपयोगी पडते, कारण शाळेचा खर्चही दर वर्षी न चुकता येतो.

शाखेतून पैसा मध्यवर्ती कार्यालयाकडे जातो आणि तिथून प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्थानिक संस्थेकडे. या तिन्ही कड्यांपैकी तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. न्यूयॉर्कच्या बाईंनी हैफाजवळची शाळा चालवायची नसते. ती चालवायला तिथली माणसे लागतात, ज्यांना मुलांची भाषा येते आणि पालक ओळखीचे असतात. देणाऱ्यांनी आपला हात कुठवर पोहोचू द्यायचा, हे ज्या संस्थेला कळते तीच टिकते.

मग केवळ महिलांचीच संस्था का, असे विचारले जाते. त्या काळी सार्वजनिक संघटनांत बायकांनी निधी जमवायचा आणि तो कुठे खर्चायचा हे पुरुषांनी ठरवायचे, अशी रीत होती. हदासाच्या महिलांना हे मान्य नव्हते. स्वतः जमवलेल्या पैशावरचा हक्क राखण्यासाठी १९२० च्या दशकात त्यांना अमेरिकेतल्या झायनवादी संघटनेशी बराच वाद घालावा लागला. आपल्या पैशातून अमुक दवाखाना, अमुक शाळा चालते, असे बोट दाखवून सांगता आले पाहिजे, यावर त्या अडून बसल्या. त्यांचा हा हट्ट मला अतिशय रास्त वाटतो.

फी भरली नाही तर प्रवेशपत्र नाही

१९३२ साली बर्लिनमध्ये रेखा फ्रायर या धर्मगुरूपत्नीकडे काही किशोरवयीन ज्यू मुले सल्ला मागायला आली. केवळ ज्यू म्हणून त्यांना कामावरून काढून टाकले होते. अशा मुलांना गटागटाने पॅलेस्टाइनमध्ये पाठवावे, तिथे त्यांनी शिकावे आणि शेतीकाम करावे, अशी कल्पना बाईंना सुचली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत मुलांचा एक छोटा गट बेन शेमेन या युवाग्रामात पोहोचला. ३० जानेवारी १९३३ रोजी या कामासाठी रीतसर संस्था स्थापन झाली, आणि त्याच दिवशी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. या उपक्रमाला 'युथ अलिया', म्हणजे तरुणांचे स्थलांतर, असे नाव मिळाले.

पॅलेस्टाइनमधल्या कामाची जबाबदारी हेन्रिएटा सोल्ड यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. अमेरिकेला परत जाऊन बहिणींबरोबर निवांत राहावे, हा बेत त्यांना गुंडाळून ठेवावा लागला. १९३४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतून आलेला पहिला मोठा गट एन हरोद या किबुत्समध्ये, म्हणजे सामूहिक मालकीच्या शेतीवस्तीत, राहायला गेला. बाई गट उतरवून घ्यायला स्वतः जात, मुलांच्या खोल्यांपासून अभ्यासक्रमापर्यंत सगळ्यात लक्ष घालत.

हे काम केवळ दयेवर चालण्यासारखे नव्हते. पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि तिथे येणाऱ्या ज्यूंच्या संख्येवर मर्यादा होती. विद्यार्थी म्हणून प्रवेशपत्र मिळायचे तर त्या मुलाला ठेवून घेणारी संस्था आणि त्याच्या निर्वाहाची हमी आधी दाखवावी लागे. म्हणजे पैसा आधी आणि प्रवेशपत्र नंतर. १९३५ मध्ये हदासाने अमेरिकेतून युथ अलियाचा खर्च उचलण्याचे पत्करले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लक्षात येतो. ओहायोतल्या एखाद्या शाखेने उद्दिष्टाएवढी रक्कम जमवली, तर फ्रँकफुर्टमधल्या एखाद्या मुलीच्या हातात कागद पडत असे. शिक्षणाची फी आणि जीवनमरण यांच्यातले अंतर इतके कमी झाल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी आहेत. महायुद्ध सुरू होईपर्यंत सुमारे ५,००० मुले या मार्गाने बाहेर पडली. त्यांच्यापैकी अनेकांचे आईवडील मागे राहिले आणि ते पुन्हा कधीच भेटले नाहीत.

युद्धकाळातल्या एका प्रवासाचा धागा आपल्या उपखंडालाही लागतो. पोलंडमधून सोव्हिएत प्रदेशात आणि तिथून इराणमध्ये पोहोचलेल्या ज्यू मुलांना 'तेहरानची मुले' म्हणतात. यांतली बहुतेक अनाथ होती किंवा आईवडिलांपासून तुटलेली होती. त्यांना जहाजाने आधी कराचीला, तिथून सुएझला आणि पुढे आगगाडीने नेण्यात आले. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी ती हैफाजवळच्या अटलित छावणीत उतरली.

युवाग्रामात नेमके काय घडते

युथ अलियाच्या सुरुवातीच्या गटांचा दिनक्रम साधा होता: अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस काम, आणि असे दोन वर्षे. काम म्हणजे खरेखुरे काम. गाय दुभायची, बटाटे काढायचे, सुतारशाळेत बाक दुरुस्त करायचा. यामागचा विचार समजून घ्यायला हवा. ज्या मुलाचे सगळे हिरावले गेले आहे, त्याला नुसते देत राहिले तर तो कायमचा घेणाराच राहतो. गायीची धार मात्र वेळेवर काढावीच लागते. तो उठला नाही तर गाय हंबरते आणि सकाळी सगळ्यांच्या दुधाची पंचाईत होते. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही जाणीव त्या वयात औषधासारखी काम करते.

आश्रमशाळेशी असलेला फरक तो हाच. आपल्याकडे आश्रमशाळा मुख्यतः अंतर कमी करण्यासाठी निघाली. पाड्यावर शाळा नाही, म्हणून मुलांना शाळेजवळ राहायला ठेवायचे. युवाग्रामात निवास ही शाळेची सोय नसून शिक्षणाचाच अर्धा भाग आहे. घरासारख्या छोट्या गटांत मुले राहतात, गटाला एक गृहमाता आणि एक मार्गदर्शक असतो, आणि हे दोघे शिक्षकांच्या बरोबरीचे मानले जातात. सुटीत ज्यांना जायला घर नाही, त्यांच्यासाठी आवार बंद होत नाही. आपल्याकडच्या चांगल्या वसतिगृहांतही हे घडले आहे. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने विकले, ही गोष्ट साताऱ्यात घरोघरी सांगतात.

हदासा आजही ज्यांना साहाय्य करते त्यांत मेइर श्फेया आणि हदासा नेउरिम ही दोन युवाग्रामे आहेत. पहिले विसाव्या शतकाच्या आरंभी रशियातल्या दंगलींत अनाथ झालेल्या मुलांसाठी सुरू झाले होते. दुसरे १९४८ मध्ये, युरोपातल्या नरसंहारातून वाचलेल्या मुलांसाठी. मुले बदलत गेली. पन्नाशीच्या दशकात मोरोक्को, इराक, येमेनची आली. आपल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांतलीही काही मुले अशा वसतिशाळांत शिकली. १९९१ च्या मे महिन्यात ३६ तासांत १४,००० हून अधिक इथिओपियन ज्यूंना विमानांनी इस्राएलमध्ये आणले गेले, तेव्हा त्यांच्यातल्या बहुसंख्य किशोरवयीन मुलांना निवासी शाळांतच जागा मिळाली. आज तिथे नव्याने आलेल्यांबरोबरच, घरची परिस्थिती बिकट असलेली स्थानिक मुलेही असतात. बराच खर्च आता सरकार करते. मग देणगीची गरज काय? सरकारी अनुदान वर्ग, शिक्षक आणि जेवण यांच्यासाठी येते. मानसोपचार, संगीत, जादा शिकवणी, सुटीतला खर्च, सैन्यसेवेतून परतल्यावर घर नसलेल्या माजी विद्यार्थ्याला डोके टेकायला खोली, या गोष्टी अनुदानाच्या तक्त्यात सहज बसत नाहीत. तिथे देणगीचा पैसा उपयोगी पडतो.

हे फक्त आपल्याच लोकांसाठी नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. युथ अलिया ज्यू मुलांसाठी निघाली आणि ज्या काळात त्या मुलांना दुसरे कुणीच दार उघडत नव्हते त्या काळात निघाली. जातीची आणि समाजाची वसतिगृहे काढूनच आपल्याकडेही अनेक समाज शिकले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला, तो याच व्यवहारी विचाराने.

पण ही कल्पना समाजाच्या कुंपणाबाहेरही गेली. रवांडात १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली आणि असंख्य मुले पोरकी झाली. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या, मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅन हेमन या ज्यू वकील बाईंना प्रश्न पडला की इस्राएलने अनाथांची समस्या युवाग्रामांनी सोडवली, तर तेच रवांडात का होऊ नये? इस्राएलमधल्या येमिन ऑर्दे या युवाग्रामाचा नमुना त्यांनी समोर ठेवला. (त्याला ज्या ऑर्ड विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्याचे नाव आहे, त्याचा जन्म आपल्या नैनितालचा.) देणग्या जमवून २००८ मध्ये रवांडाच्या पूर्व प्रांतात १४४ एकरांवर 'अगाहोझो शालोम' सुरू झाले. पहिला शब्द तिथल्या भाषेतला, 'जिथे अश्रू पुसले जातात' या अर्थाचा. दुसरा हिब्रू, 'शांती'. तिथली मुले ज्यू नाहीत. त्यांच्या घरागटांतल्या गृहमातांना ती 'मामा', म्हणजे आई, म्हणतात, आणि यांतल्या अनेकींनी त्या हत्याकांडात स्वतःची माणसे गमावली होती. मुलांना आई हवी होती आणि त्या बायकांना मुले. हा हिशेब कुठल्याही अर्थसंकल्पात मांडता येत नाही.

घरची मुले सोडून परदेशात कशाला?

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले, त्यासाठीचा पैसा प्रामुख्याने अमेरिकेतून आला. १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती आणि तिच्या गावोगावच्या मंडळांतल्या सभासदांनी दर वर्षी एक डॉलर, असा दहा वर्षे देण्याचा शब्द दिला होता. त्या बायकांच्या गावांतही गरिबी होतीच. म्हणून शारदा सदनातल्या मुलींचे शिकणे चुकीचे ठरते का? बेने इस्राएल समाजाच्या बाबतीतही हेच झाले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत १८७५ मध्ये काढलेली शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कदूरी मूळचे बगदादचे आणि त्यांची संपत्ती शांघाय-हाँगकाँगच्या व्यापारातली. तिकडच्या पैशाने माझगावात मराठी बोलणारी ज्यू मुले शिकली, आणि त्यांच्या शेजारी इतर समाजांची मुलेही.

शारदा सदनाचीच कहाणी दुसऱ्या बाजूचा इशाराही देते. सदन पुढे पुण्यात हलले, तिथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो यावरून मोठे वादळ उठले, 'केसरी'ने टीका केली आणि १८९३ मध्ये स्थानिक सल्लागार बाहेर पडले. दूरचा पैसा आला की मुलांना कोण घडवणार, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच.

मुलाला घरापासून तोडले जात नाही का?

कधी कधी तोडले गेले आहे, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तेहरानची मुले आली तेव्हा त्यांना धार्मिक शाळांत घालायचे की धर्मनिरपेक्ष किबुत्समध्ये, यावर मोठा वाद झाला. मोठ्या मुलांना स्वतः निवडू द्यावे आणि लहानांच्या बाबतीत त्यांच्या घरचा रिवाज पाहावा, अशा दिशेने शेवटी तोडगा निघाला. तरी सगळ्यांचे समाधान झाले नाही. पुढे मोरोक्को, इराक, येमेनसारख्या देशांतून आलेल्या मुलांच्या बाबतीत चूक जास्त गंभीर होती. त्यांच्या आईवडिलांची भाषा, जेवण, प्रार्थना हे सारे मागासलेले समजून मुलांना त्यातून 'बाहेर काढण्याचा' प्रयत्न झाला. इथिओपियन मुलांपैकी अनेकांना कमी प्रतीच्या व्यवसायशिक्षणाकडे वळवले गेले, अशी टीका त्या समाजाने स्वतः केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत इस्राएलमध्ये गेलेल्या काही बेने इस्राएल कुटुंबांनी भेदभावाला कंटाळून परत भारतात पाठवा, अशी मागणी केली आणि काही परतलीही.

माझे मत असे की जिवंत आईवडील जवळ असताना निवासी शाळा हा पहिला उपाय असू नये. जिथे तो लागतोच, तिथे पालक शाळेत येऊ-जाऊ शकले पाहिजेत आणि मुलाला घरची भाषा बोलताना लाज वाटता कामा नये. येमिन ऑर्देसारख्या युवाग्रामांत आता घरची परंपरा जाणीवपूर्वक जपली जाते, हा बदल उशिरा आला पण तो योग्य आहे.

हे राजकारण नाही का?

आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. हदासा झायनवादी संस्था म्हणूनच स्थापन झाली आणि तसे ती स्वतः सांगते. ज्या भूमीत ही मुले आली तिथे अरब समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होता, आणि १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले. त्याच वर्षी १३ एप्रिलला जेरुसलेममध्ये हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या ताफ्यावर हल्ला होऊन डॉक्टर, परिचारिकांसह ७८ जण मारले गेले. ही दोन्ही दुःखे खरी आहेत. स्वतः हेन्रिएटा सोल्ड ज्यू आणि अरब यांचे एकच संयुक्त राज्य असावे, या मताच्या होत्या आणि १९४२ मध्ये त्या विचाराच्या 'इहुद' या गटात त्या सामील झाल्या. त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना हे पटले नव्हते. देणगी देणाऱ्याने संस्थेची राजकीय भूमिका जाणून घेऊन मग निर्णय घ्यावा. मूल शिकते आहे म्हणून राजकारणाकडे डोळेझाक करू नये, आणि राजकारण पटत नाही म्हणून त्या मुलाचे शिकणे खोटेही मानू नये.

आणि पैसा बुडाला तर?

तोही धोका आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफचा गुंतवणूक घोटाळा २००८ मध्ये उघडकीस आला, तेव्हा त्याच्याकडे पैसे ठेवलेल्यांत हदासाही होती. त्या व्यवहारात संस्थेने गुंतवलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे काढून घेतले होते, ते इतर फसलेल्यांचे होते असे ठरले, आणि २०१० मध्ये तडजोडीने ४.५ कोटी डॉलर परत करावे लागले. शाखांमधल्या बायकांनी पै-पै करून जमवलेल्या निधीचे असे झाल्यावर विश्वासाला तडा जाणारच.

म्हणून कुठल्याही संस्थेला देण्यापूर्वी साधे प्रश्न विचारावेत. पैसा ठेवला कुठे आहे? शाळा चालवणारी स्थानिक संस्था कोणती, आणि तिच्या कारभारात तिथल्या लोकांचा आवाज आहे का? शिकून बाहेर पडलेली मुले पाच वर्षांनी काय करतात, हे कुणी पाहते का? अमेरिकेत अशा संस्थांचे वार्षिक विवरण लोकांना पाहता येते. आपल्याकडे परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला परकीय अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. नियम काहीसे जाचक आहेत, पण हिशेब मागण्याचा हक्क देणाऱ्यालाही आहे आणि ज्या गावात तो पैसा खर्च होतो त्या गावालाही.

हेन्रिएटा सोल्ड यांनी लग्न केले नाही, त्यांना मूल नव्हते. १९१६ मध्ये त्यांची आई वारली तेव्हा तिच्यासाठी 'कद्दिश' म्हणण्याची तयारी एका पुरुष स्नेह्याने दाखवली. कद्दिश म्हणजे मृतासाठी म्हणायची प्रार्थना, आणि ती मुलाने म्हणावी अशी रूढी होती. बाईंनी त्याचे मनापासून आभार मानून नकार कळवला. आपल्या आईवडिलांना आठ मुलीच होत्या आणि मुलगा नाही याची खंत त्यांनी कधी केली नाही, तेव्हा ही प्रार्थना मीच म्हणेन, असे त्यांनी लिहिले. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी जेरुसलेममध्ये, त्यांच्याच प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ऑलिव्ह पर्वतावर त्यांना पुरले तेव्हा कद्दिश म्हणायला पुढे आला तो युथ अलियातून आलेला, पंधरा वर्षांचा एक मुलगा.